पंधरा भोकांचं झाकण

"हे पणजोबा, हे आजोबा, हे बाबा, आणि हे आमचे नातू!" मी टेबलावर चारही यंत्रं ओळीनं मांडली आणि शेटेकाकांकडं बघून हसलो.

शेटेकाका आमच्या शाळेचे विश्वस्त. 'उमेद' ही आमची सांगलीतली शाळा, ज्यांना हात-पाय किंवा जीभ साथ देत नाही अशा मुलांची. काकांच्या अमेरिकेतल्या जावयानं घरात जुने झालेले तीन आयपॉड टच गणपतीत पाठवले होते आणि त्या आठवड्यात एक करकरीत नवाही आला होता. चार यंत्रं, चार पिढ्या. अशीच आणखी दहा यंत्रं शाळेसाठी घ्यायचं काकांच्या मनात होतं आणि कुठल्या पिढीची घ्यायची ते ठरवायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी तिथं कॉम्प्युटर शिकवायचो. वय सत्तावीस, आणि यंत्रांमधलं आपल्याएवढं गावात कुणाला कळत नाही हा पक्का समज.

"सांगा तर मग घराण्याची कुंडली," काका खुर्ची ओढत म्हणाले.

"पणजोबा मुके. गाणी ऐकायला झकास, पण कानात बोंडं घालून. ह्यांना स्पीकरच नाही, म्हणजे आपल्या मुलांना काही उपयोग नाही. आजोबांना स्पीकर आला, आवाजाची बटणं आली. पण माइक बाहेरून जोडावा लागतो. बाबा दिसायला सेम टू सेम आजोबा, फक्त आतून चपळ. आणि नातू! माइक आत, पुढून-मागून कॅमेरा, आणि स्क्रीन तर असा की चित्र कागदावर छापल्यासारखं दिसतं."

हे सगळं मी एका मोठ्या कार्डशीटवर स्केचपेननं लिहून भिंतीला लावलं होतं. आडवे रकाने, उभे रकाने, हिरवी बरोबर, लाल फुली. खाली उजव्या कोपऱ्यात 'तयार करणारा : केदार मगदूम'. नाव जरा मोठंच लिहिलं होतं, आता काय लपवायचं.

"वा! वा!" काका म्हणाले. "उद्या त्या प्राथमिक शाळेच्या घोरपडे बाई येणार आहेत ना, त्यांनाही दाखवा हा तक्ता."

पेंढारकर बाई इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या मुलांना बोलायला शिकवायच्या, म्हणजे ज्यांना तोंडानं जमत नाही त्यांना दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं. त्या रात्रीच्या गाडीनं पुण्याला निघणार होत्या, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला.

"मगदूम, एक सांगून जाते," त्या म्हणाल्या. "उद्या शर्वरीच्या गळ्यात तिचं जुनंच राहू द्या. तुमचा तो नातू कितीही देखणा असला तरी उद्या नको. कळलं का?"

"कळलं बाई. अगदी निश्चिंत जा."

"निश्चिंत कसली जाते. तुम्ही म्हणजे नवीन खेळणं मिळालेलं पोर आहात."

काका हसले, मीही हसलो.

शर्वरी चौगुले तेव्हा आठ वर्षांची होती. जन्माच्या वेळी रडायला उशीर केला, त्याची शिक्षा तिच्या अंगाला मिळाली होती. चाकाची खुर्ची, वाकडे होणारे हात, आणि तोंडातून फक्त 'आऽ'. पण डोळे असे की तुम्ही खोटं बोललात तर तिला आधी कळावं. तिच्या गळ्यात आजोबा असायचे, म्हणजे दुसऱ्या पिढीचं ते यंत्र. त्यावर चित्रांच्या पंधरा चौकटी. चौकट दाबली की शब्द ऐकू यायचा, तिच्या आईच्या आवाजात. जयमालाताईंनी बाहेरून माइक जोडून पंधराही शब्द स्वतः बोलून भरले होते. 'माझं नाव शर्वरी', 'हो', 'नाही', 'पाणी', 'आई', 'शू', 'आणखी', 'पुरे' असे. मधल्या सुट्टीत शाळेत केळी मिळायची, म्हणून एक 'केळं' पण होतं.

आणि डाव्या बाजूला मधोमध तिचा सगळ्यात लाडका शब्द होता, 'असं नाही!' वेणी वाकडी घातली, असं नाही! भात फार कालवला, असं नाही! जयमालाताईंनी तो इतक्या ठसक्यात भरला होता की वर्गात आवाज आला की सगळे दचकायचे. "माझाच आवाज, आणि मलाच दरडावते बघा," त्या कौतुकानं सांगायच्या.

ह्यात एक गोष्ट होती. शर्वरीचा हात पुढं गेला की तिची मान आपोआप उलट्या बाजूला वळायची. तिच्या स्नायूंचा तो हट्टच होता. त्यामुळं दाबताना तिला स्क्रीन कधी दिसायचाच नाही. मग जयमालाताईंनी काय केलं, तर पोळ्यांच्या डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण कापून, तापवलेल्या सुईनं आणि कात्रीनं त्याला पंधरा भोकं पाडली आणि ते यंत्रावर बसवलं. त्या ब्लाउज शिवायच्या, हातात सफाई होती. शर्वरीचं बोट झाकणावर आपटायचं, चाचपडायचं, भोकं मोजत मोजत बरोबर जागी शिरायचं. सहा महिने लागले तिला. पण सहा महिन्यांनंतर ते बोट चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. तिच्या घरामागं, कॉलनीत, प्राथमिक शाळा होती. गल्लीतल्या तिच्या बरोबरीच्या सगळ्या पोरी तिथं जायच्या. तिथल्या मुख्याध्यापिका घोरपडे बाई म्हणाल्या होत्या, "मुलीला विचारलेलं कळतं आणि उत्तर देता येतं एवढं मला दिसू दे, जूनमध्ये मी तिला माझ्या वर्गात बसवते." बाई शब्दाच्या पक्क्या होत्या.

सकाळी जयमालाताई शर्वरीला घेऊन आल्या तेव्हा मी बघतच राहिलो. निळा पिनाफोर, पांढरा ब्लाउज, लाल रिबिनी. त्या शाळेचा गणवेश!

"आधीच शिवला?" मी विचारलं.

"कापड सेलमध्ये होतं हो," त्या लाजून म्हणाल्या. "आणि ही रोज विचारते ना. म्हणजे मी विचारते, जायचं का शाळेत, की 'हो' दाबते. दहा वेळा दाबते."

शर्वरीनं लगेच दाबून दाखवलं. "हो! हो! हो!"

त्या पाणी आणायला गेल्या आणि मी शर्वरीच्या गळ्यातलं यंत्र काढून घेतलं.

का घेतलं? पेंढारकर बाईंनी बजावलं होतं, तरी घेतलं. कारण भिंतीवर माझा तक्ता होता, आणि तक्त्यात नातवाच्या रकान्यात सगळ्या हिरव्या बरोबर होत्या. ते कौतुक नुसतं भिंतीवर काय कामाचं, ते शर्वरीच्या हातात दिसायला हवं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळीच मी पंधराही शब्द आणि चित्रं नव्यात उतरवून ठेवली होती. एकेक दाबून ऐकलं होतं. पंधराच्या पंधरा आवाज स्वच्छ, आजोबांपेक्षा कितीतरी खणखणीत. झाकण जरा रुंद झालं, तर दोन रबरबँड लावले. 'बघ, तुझा आवाज किती छान येतोय आता,' असं म्हणून मी ते तिच्या गळ्यात अडकवलं आणि जुनं टेबलाच्या खणात ठेवलं.

आवाज ऐकले होते मी. जागा पाहिल्या नव्हत्या. नव्या यंत्रानं चौकटी त्याच्या मनानं लावल्या होत्या.

अकराला घोरपडे बाई आल्या. शेटेकाकांनी त्यांना आधी तक्त्यापुढं उभं केलं, मी पणजोबांपासून नातवापर्यंत सगळं साग्रसंगीत सांगितलं, बाईही हसल्या. काका म्हणाले, "हा मुलगा म्हणजे आमच्या शाळेचं भूषण आहे." मी मान खाली घातली, विनयानं हो! आणि मग बाई जयमालाताईंना म्हणाल्या, "आई, तुम्ही जरा बाहेर बसता का? मूल आईच्या तोंडाकडं बघून उत्तर देतं, असा माझा अनुभव आहे."

"बसते की," ताई म्हणाल्या. जाताना शर्वरीच्या कपाळावरचे केस मागं सारले. "नीट सांग हं बाईंना."

आता खोलीत आम्ही चौघं. घोरपडे बाई खुर्ची जवळ घेऊन बसल्या. बाई भल्या होत्या, आवाजही मऊ.

"काय गं बाळ, नाव काय तुझं?"

शर्वरीचा हात उठला, मान पलीकडं वळली. बोट झाकणावर आपटलं, पहिल्या भोकात शिरलं.

"आई," यंत्र म्हणालं.

"आई बाहेर आहे हं. येईल. तुझं नाव सांग."

बोट पुन्हा तिथंच. "आई."

मला वाटलं, घाबरली असेल. बाईंनी दुसरं विचारलं, "बरं, तहान लागली की काय मागतेस?"

बोटानं भोकं मोजली. मोजताना दिसत होतं मला. खाली एक, तिथंच थांबलं आणि दाबलं.

"झोप."

शर्वरी दचकली. मान वळलेलीच होती, पण तिचे डोळे कोपऱ्यातून यंत्राकडं ओढले जात होते. मी पुढं वाकलो आणि झाकणाच्या भोकांतून पाहिलं. पाण्याच्या पेल्याचं चित्र सगळ्यात खाली होतं. 'हो'चा अंगठा कुठल्या कुठं.

आजोबा खणात होते, माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. 'बाई, एक मिनिट थांबा, माझी चूक झाली' एवढं म्हणायचं, खण उघडायचा, यंत्र बदलायचं. एवढंच. पण डोक्यावर तो तक्ता होता, कोपऱ्यात माझं नाव होतं, आणि काका पाच मिनिटांपूर्वी मला भूषण म्हणाले होते. मी म्हटलं, बघू, पुढचं एखादं उत्तर जुळून येईल. दातखीळ बसली माझी. खरं तर बसली नाही, मी बसवली.

"तुला शाळेत यायचं आहे का?" घोरपडे बाईंनी विचारलं.

दहा वेळा दाबायचं भोक ते. शर्वरीनं सगळं अंग ताठ करून दाबलं.

"शू."

काकांना हसू फुटलं, त्यांनी ते खोकल्यात लपवलं. "शूला जायचंय का बाळा?" बाईंनी विचारलं. शर्वरीनं तोंडानं 'आऽऽ' केलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या. मग तिचा हात पुन्हा उठला. डाव्या बाजूची भोकं ती वरून मोजत आली, एक, दोन, तीन, आणि मधोमध दाबलं.

"केळं."

पुन्हा दाबलं. "केळं." पुन्हा. "केळं. केळं. केळं." लाळ गळत होती, गणवेशाच्या ब्लाउजवर सांडत होती, आणि बोट त्या एकाच भोकात ठोकत होतं, खिळा ठोकावा तसं.

"भूक लागलीय वाटतं बिचारीला," घोरपडे बाई म्हणाल्या.

"अहो मगदूम, बघताय काय? केळं द्या तिला!" काका म्हणाले.

मधल्या सुट्टीच्या केळ्यांची टोपली दाराशीच होती. मी उठलो. एक चांगलं पिकलेलं केळं निवडलं. निवडलं मी! सोललं, आणि शर्वरीच्या हातात दिलं.

तिचा हात आता यंत्रावर नव्हता, म्हणून मान सरळ झाली. तिनं केळ्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं. त्या खोलीत ती काय म्हणत होती ते कळणारं माणूस एकच होतं, आणि त्यानंच तिच्या हातात केळं ठेवलं होतं. तिनं मूठ आवळली, केळ्याचा लगदा बोटांतून निळ्या पिनाफोरवर पडला.

"मुलगी गोड आहे," घोरपडे बाई बाहेर येऊन जयमालाताईंना म्हणाल्या. "पण विचारलेलं तिला अजून कळत नाही हो. इथंच राहू दे, इथं चांगलं बघतात तिला. पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

"असं कसं बाई? घरी तर सगळं..."

"घरी आईला सगळं कळतंच," बाई हळुवारपणे म्हणाल्या, आणि वहीत शेरा लिहून गेल्या.

जयमालाताईंनी पदरानं गणवेश पुसायला घेतला. "काय केलंस गं हे? घरी पोपटासारखी बोलतेस, आणि इथं केळं मागत बसलीस? केळं कधी बघितलं नव्हतंस?" आवाज चढला होता, पण हात पुसतच होते. "रोज मला 'हो, हो' करून फसवलंस होय गं? माझंच चुकलं. मीच वेड्यासारखी गणवेश शिवत बसले."

शर्वरीनं रडताना आवाज काढला नाही. मी खणातून जुनं यंत्र काढलं, झाकण त्यावर बसवलं आणि तिच्या गळ्यात घातलं. "नवीन जरा जड पडलं असेल तिला," मी म्हणालो. ताईंनी मान हलवली. उलट मलाच म्हणाल्या, "तुम्ही एवढी धडपड केलीत सर, तुम्हाला मान खाली घालायला लावली हिनं."

त्या संध्याकाळी मी नातू घरी नेला. चहा घेत घेत पंधराही चौकटी एकेक करून आजोबांसारख्या जागी आणून बसवल्या. दहा मिनिटांचं काम होतं. चहा गार व्हायच्या आत झालं.

पुढं काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. शेटेकाकांनी माझ्या तक्त्याप्रमाणं दहा नवी यंत्रं घेतली. वर्षभरात घोरपडे बाई निवृत्त झाल्या. जयमालाताई पुन्हा त्या शाळेत गेल्या तेव्हा नव्या मुख्याध्यापकांनी जुनी वही उघडली. 'प्रश्न समजत नाहीत.' पोरीला न बघताच त्यांनी हात जोडले. शर्वरी अठरा वर्षांची होईपर्यंत 'उमेद'मध्येच राहिली. तो निळा पिनाफोर ताईंनी भाचीला दिला असं ऐकलं. मी तर दोन वर्षांत नोकरी सोडून पुण्याला आलो. आता मोबाइलच्या कंपनीत आहे, दर वर्षी नवी पिढी येते, दर वर्षी जुन्या-नव्याची तुलना करणारे तक्ते मीच बनवतो. ते हिरवे-लाल रकाने भरताना हात थांबतो माझा. पण थांबून काय उपयोग, सांगा.

हे सगळं एक वेळ मी सोसलं असतं. म्हटलं असतं, चूक झाली, वय लहान होतं, भीती वाटली. पण त्या परीक्षेनंतर आठव्या दिवशी पेंढारकर बाई पुण्याहून परतल्या.

जयमालाताई आणि शर्वरी समोरच होत्या, ताईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. बाईंनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "मला पटत नाही," त्या म्हणाल्या. "ही पोरगी चुकणं शक्य नाही. मगदूम, मी बजावूनही तुम्ही यंत्र बदललंत, ते जाऊ दे, त्याचं नंतर बोलू. आधी मला सांगा, नव्यात शब्द त्याच जागी होते?"

देवानं दुसऱ्यांदा दार उघडून दिलं होतं. बाई होत्या, आई होती. घोरपडे बाईंची शाळा दहा मिनिटांवर होती, जून अजून लांब होता. नुसतं 'नाही' म्हणायचं.

मी खणातून नातू काढला आणि बाईंच्या हातात दिला. "बघा ना तुम्हीच. अगदी त्याच जागी, बाई. मी स्वतः तपासले होते."

बाईंनी चौकटी पाहिल्या. एकेक दाबून पाहिली. बरोबर, सगळं बरोबर. त्यांचे खांदे पडले.

"मग तिलाच नसेल जमलं," त्या म्हणाल्या.

"असं नाही!"

खोलीत जयमालाताईंचा ठसकेबाज आवाज घुमला. आम्ही तिघंही वळलो. शर्वरीचा हात आजोबांवर होता, मान पलीकडं वळलेली.

"असं नाही! असं नाही! असं नाही!"

"काय असं नाही गं?" पेंढारकर बाई तिच्यापाशी वाकल्या. "सांग, काय असं नाही?"

पण पंधरा शब्दांत ते सांगायला शब्द नव्हता. तिनं पुन्हा दाबलं. "असं नाही!"

मी खिडकीबाहेर पाहत होतो.

"पुरे झालं आता," जयमालाताई ओशाळून म्हणाल्या. "सरांनी एवढं तुझ्यासाठी केलं, आणि तू त्यांनाच उलट बोलतेस? मोठी माणसं बोलताना मध्ये बोलायचं नाही, कितीदा सांगितलंय तुला?" आणि त्यांनी लेकीच्या मानेमागची गाठ सोडली, ते यंत्र झाकणासकट काढून घेतलं आणि आपल्या पिशवीत ठेवून दिलं.

शर्वरीचा हात तसाच हवेत राहिला. मोकळं बोट एक, दोन, तीन असं मोजत खाली आलं आणि खुर्चीच्या हातावर दाबत राहिलं.